प्रशिक्षणातून सूट

११ जानेवारी

प्रिय बारके,

फोन करू नकोस म्हणालीस, म्हणून करत नाही. पत्र लिहू नकोस असं म्हणायला विसरलीस, आता भोग.

आधी मुद्द्याचं सांगते. अण्णांच्या किडन्यांनी हात टेकलेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस सुरू झालंय. पुढं काय, असं विचारलं की डॉक्टरीणबाई पेनाचं टोपण काढतात, पुन्हा लावतात आणि म्हणतात, "बघू या." त्यांचं ते न सांगणं मला चांगलं कळतं. तू धावत ये असं मी म्हणत नाही. तुला कळवलं, माझं काम झालं.

आता माझं रडगाणं ऐक. आमची संस्था, रुग्णांना घरून दवाखान्यात नेणारी आणि परत आणणारी, जिचं नाव काढलं की तुझ्या कपाळाला आठी पडते तीच, आता कागदावरून संगणकावर आलीय. स्वयंसेवकांचा सगळा कारभार एका सॉफ्टवेअरवर चालतो आणि ते सांभाळायचं माझ्या गळ्यात पडलंय. त्यात प्रत्येक माणसाला एक प्रकार द्यावा लागतो. चालक, प्रशिक्षक, समन्वयक, सेवार्थी. सेवार्थी म्हणजे ज्याला दवाखान्यात न्यायचं तो. आणि सगळ्यांच्या डोक्यावर प्रशासक, म्हणजे तुझी ताई. ज्याचा जो प्रकार त्याला तेवढंच दिसतं. चालकाला आजच्या माणसाचा पत्ता दिसतो, आजार दिसत नाही. सेवार्थीला गाडी कधी येणार एवढंच दिसतं. मला मात्र सगळ्यांचं सगळं दिसतं. घरात कुणी हिंग लावून विचारत नाही, पण तिथं माझा शब्द शेवटचा!

मेख अशी की एका माणसाला एकच प्रकार. चालक तो सेवार्थी नाही आणि सेवार्थी तो चालक नाही. अण्णा आमचे जुने चालक, पण डॉक्टरीणबाईंनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलंय, डायलिसिसनंतर त्यांना घेरी येते. तेव्हा सरळ हिशोबानं ते सेवार्थी झाले. मी ऑफिसात त्यांना समोर बसवून म्हटलं, "अण्णा, तुमचा प्रकार बदलते हं."

"कसला प्रकार?"

"सेवार्थी करते. म्हणजे गाडी दारात येईल, तुम्ही मागं बसायचं."

"हात लावून बघ त्या बटणाला," ते म्हणाले. "जन्मभर बस चालवली. मागं साठ-साठ माणसं बसलेली असायची. त्यातला एक मी कधी नव्हतो. आणि घोगऱ्या आजींना दर बुधवारी कोण नेणार? त्या दुसऱ्याच्या गाडीत बसत नाहीत."

"मग दवाखान्यात कसे जाणार तुम्ही?"

"चालत."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं आहे. मंगळवारी खरोखरच चालत निघाले. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याच्या स्टुलावर बसलेले सापडले, ओठ पांढरे पडलेले. मी रस्त्यातच त्यांना वाटेल ते बोलले आणि मग घरी येऊन मोरीत तोंड धुतलं.

तुझी,
ताई


२ फेब्रुवारी

प्रिय बारके,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. वाचलंस की नाही ते तू जाणे.

अण्णांवर तोडगा सापडला. आमच्याकडे नवा चालक आला की त्याला सुरुवातीच्या काही फेऱ्या जुन्या माणसाला शेजारी बसवून कराव्या लागतात. तर मी अण्णांना प्रशिक्षक करून टाकलं! अध्यक्षबाईंना आधी विचारलं, त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुझं खातं, तुझी जबाबदारी." आता नव्या चालकांच्या शिकाऊ फेऱ्या मी मंगळवारी आणि शुक्रवारीच लावते, त्याही आपल्या दारापासून दवाखान्यापर्यंत. अण्णा पुढं बसतात. मागं कुणी नसतं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बँकेतला कॅशियर. चांगला चाळिशीतला बाप्या, पण अण्णांनी त्याला घाम फोडला.

"मागं आजारी माणूस बसलाय असं समज," अण्णा म्हणाले.

"समजलो."

"समजला असतास तर आत्ता त्या खड्ड्यात चाक घातलं नसतंस. त्याच्या पोटाला टाके आहेत. तुझ्या खड्ड्यानं ते उसवले."

दवाखान्याच्या मागच्या फाटकातून आत कसं जायचं, व्हीलचेअर कुठं मिळते, चढावर गाडी कशी धरायची, सगळं शिकवलं. मग घड्याळ बघून म्हणाले, "आता आलोच आहे, तर माझंही काम उरकून घेतो." कॅशियर बिचारा डायलिसिस संपेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिला आणि परतीच्या वाटेवरही बोलणी खात आला. त्याला सगळं ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. जाताना मला म्हणतो, "मला पुढच्या शुक्रवारीपण नापास करा."

आता तर रांग लागलीय. आणि अण्णांचा रुबाब काय सांगू! नव्या चालकांचे अर्ज थेट त्यांच्या मोबाइलवर जातात, मोठ्या अक्षरांत. कुणाला किती फेऱ्या शिकवायच्या ते तेच ठरवतात. त्यांनी निकाल लावलेले अर्ज माझ्याकडे येत नाहीत. ती सोय मीच केली, नाहीतर दिवसभर टुणटुण वाजत राहायचं.

एक सांगू? ते मोबाइल आता शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतात. पूर्वी गाडीच्या कप्प्यात टाकायचे, आवाज बंद करून. आईचा श्वास लागला त्या दिवशी होता तसा. तू भाड्याच्या गाडीतून आईला नेलंस, त्या माणसाला मागचं फाटक माहीत नव्हतं आणि अण्णा तेव्हा दुसऱ्या कुणाच्या आईला घरी सोडत होते. सगळ्या नातेवाइकांसमोर तू म्हणालीस, "जगाच्या आया पोचवल्या यांनी, आमची तेवढी राहिली." त्यावर ते आजतागायत अवाक्षर बोललेले नाहीत. मीही विचारलेलं नाही. तू चुकलीस असं मी म्हणत नाही, बारके. फक्त तू बोलून निघून गेलीस आणि ते वाक्य माझ्याबरोबर घरात राहायला आलं.

असो. तू अर्ज केलास तर तुलाही त्यांच्या शेजारी बसून बोलणी खावी लागतील. गंमत केली.

तुझी,
ताई


१९ मार्च

बारके,

प्रिय लिहायची आज इच्छा नाही.

अण्णा खंगत चाललेत. पायांवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. पाणी मोजून द्यावं लागतं आणि ते माझ्या नजरेआड चूळ भरायच्या निमित्तानं घोटभर पिऊन घेतात. मी ओरडते. ते लहान मुलासारखे हसतात आणि मग मला रात्रभर माझंच ओरडणं ऐकू येतं.

हल्ली त्यांचं शिकवण्यातही लक्ष नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी लवकर उठून, कपडे करून गॅलरीत उभे राहतात आणि खाली येणारी प्रत्येक गाडी वाकून बघतात. शिकाऊ फेरीवाल्या बाई गाडी घेऊन आल्या की यांचं तोंड उतरतं. मी विचारलं, "बाई नीट चालवत नाहीत का?" तर म्हणतात, "चालवतात की."

"मग कुणाची वाट बघता?"

"कुणाची नाही. हवा खातो."

ते कुणाची वाट बघतात ते मला कळतं. मी काही दुधखुळी नाही. दोन पत्रं लिहिली तुला, आणि तुझ्याकडून एक ओळ नाही. पालथ्या घड्यावर पाणी. आई गेली तेव्हा तू दुखावलीस, मान्य. पण मीही तिचीच मुलगी होते आणि मला निघून जायला कुठं जागा नव्हती. दगड आहेस तू.

ताई


२८ मार्च

प्रिय, प्रिय बारके,

मागचं पत्र फाडून टाक. दगड मी आहे.

हे पत्र कुरिअरनं पाठवतेय. हातात पडेल तिथं उभ्या उभ्या वाच.

अण्णांना परवा दवाखान्यात ठेवून घेतलं, रक्तदाब एकदम खाली गेला होता. आता बरे आहेत, बरे म्हणजे बोलतात. दुपारी मी त्यांच्या पायाशी बसून तुझ्या नावानं बोटं मोडत होते. म्हटलं, "त्या दगडाला पत्रं लिहून माझा हात दुखला."

डोळे मिटूनच म्हणाले, "तिला दगड म्हणू नकोस. तिनं अर्ज केला होता."

"कसला अर्ज?"

"चालकाचा. गेल्या महिन्यात. वेळेच्या जागी लिहिलं होतं, फक्त मंगळवार आणि शुक्रवार."

मला आधी वाटलं, ग्लानीत बरळताहेत. मग मोबाइल उशाखालून काढून त्यांनी मला दाखवला. तुझं नाव होतं गं. एवढ्या लांबून, आठवड्यातले दोन दिवस यायची तयारी दाखवली होतीस आणि मला पत्ताच नाही, कारण निकाल लागलेले अर्ज माझ्याकडे येऊ नयेत ही सोय मीच केलेली.

"मग शिकाऊ फेरी का नाही दिलीत?" मी जवळजवळ ओरडलेच. नर्सनं वळून बघितलं.

"तिला शिकाऊ फेरी?" अण्णा म्हणाले. "अगं, तिला मी शिकवलंय. पाय पोचत नव्हते तेव्हा पाठीशी उशी लावून मैदानात गाडी फिरवायची. तिला त्या कॅशियरसारखं बसवून शिकवायचं? अपमान नाही का तो? म्हटलं, सरळ पक्की चालक करावी. सूट दिली मी. वाट बघत होतो, येईल म्हणून."

बारके, सूट दिली की अर्जदाराला काय निरोप जातो ते मला तोंडपाठ आहे, तो मीच लिहिलाय. "आपणास प्रशिक्षकासोबत फेरी करण्याची आवश्यकता नाही. आपल्या इच्छेबद्दल आभारी आहोत." खाली प्रशिक्षकाचं नाव. तू त्यांच्या शेजारी बसता यावं म्हणून अर्ज केलास आणि तुला अण्णांच्या नावानं हे मिळालं. त्यांनी का सूट दिली ते त्यांनी लिहिलंय, पण तो शेरा अर्जदाराला दिसत नाही. फक्त प्रशासकाला दिसतो. तिथं त्यांनी लिहिलंय, "माझ्यापेक्षा चांगली चालवते."

आणि पक्की चालक म्हणून तू पुढं फेऱ्यांची यादी उघडली असशील, तर त्यात अण्णा शोधूनही सापडले नसतील. यादीत सेवार्थी असतात. मी त्यांचा मान राखायला म्हणून त्यांना प्रशिक्षक करून ठेवलेलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्यांनी तुझा मान राखला, मी त्यांचा राखला आणि तू तिकडं मान खाली घालून बसलीस.

हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मोबाइल छातीवर पालथा ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे तिला वाटलं, मी नको म्हणालो."

"हो."

"एक खरं सांगू? शेजारी बसायची भीतीही वाटली मला. ती तेव्हा बोलली ते खरंच होतं. खऱ्याला काय उत्तर देणार? गाडीत बसून मी रडत राहिलो असतो. रडणारा प्रशिक्षक कुठं असतो का?"

नाक पुसायला पदर होता, तो पुरला नाही.

मग ते म्हणाले, "बदल तो प्रकार."

"कुठला?"

"माझा. सेवार्थी कर मला. आणि चालक म्हणून तिला घाल."

"अण्णा, मग प्रशिक्षक राहणार नाही तुम्ही. परत चालकही होता येणार नाही."

"ठाऊक आहे. कर."

तिथंच, त्यांच्या पलंगावर बसून, मी मोबाइलवरून त्यांचा प्रकार बदलला. कोण हट्टानं चालत निघालं होतं आणि कोण हे! त्यांनी स्वतः वाकून बघितलं, नीट झालं की नाही. प्रशिक्षकाची सगळी पानं गेली आणि एकच पान उरलं, "आपली पुढील फेरी." त्यांनी ते दोनदा वाचलं.

पुढच्या शुक्रवारची फेरी आहे, तोवर त्यांना घरी सोडतील. घर ते दवाखाना आणि परत. चालकाच्या जागी तुझं नाव घातलंय. संस्थेची गाडी आपल्या दाराशी उभी असेल, किल्ली खालच्या शिंप्याकडं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तू ती स्वीकारली नाहीस तर ती आपोआप दुसऱ्या चालकाकडं जाते. मी ते थांबवू शकते, मला तेवढा अधिकार आहे. पण थांबवून काय करू? गाडी थांबेल, ते थांबतील का, मला माहीत नाही.

डॉक्टरीणबाई आता "बघू या"सुद्धा म्हणत नाहीत.

ये गं.

ताई


२४ एप्रिल

प्रिय बारके,

तू त्यांच्या शेवटच्या दिवशी आलीस, कोपऱ्यात उभी राहिलीस, सगळं आटोपल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "ताई, मला आत्ता बोलायला लावू नकोस." मी लावलं नाही. म्हणून पुन्हा पत्रच.

घर इतकं शांत आहे की नळ ठिबकला तरी मी उठून बघते. त्यांचं पाणी मोजायचं भांडं अजून ओट्यावर आहे. मला वाटेल तेवढं पाणी पिता येतं आणि घशाखाली उतरत नाही.

त्या शुक्रवारी मी मुद्दाम खाली आले नाही. गुरुवारी दुपारी तू फेरी स्वीकारलीस हे स्क्रीनवर दिसलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच होते, टेबलावर डोकं ठेवून मोकळं रडून घेतलं. सकाळी अण्णांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. जिन्यावरून त्यांना कॅशियरनं उतरवलं. मी गॅलरीत उभी होते, पडद्याच्या आड. अण्णा मागचं दार उघडायला गेले, तसं तू पुढचं उघडलंस. ते जरा घुटमळले आणि पुढं बसले. एवढंच मी बघितलं.

परत आलात तेव्हा संध्याकाळ होत आली होती. तू त्यांना दारापर्यंत सोडलंस आणि चहासुद्धा न घेता गेलीस. मी त्यांचे बूट काढत होते. विचारलं, "काय म्हणाली?"

"क्लच अजून तसाच घासते," ते म्हणाले.

"अजून?"

"दमलोय गं. झोपू दे."

आणि झोपले. भिंतीकडं तोंड करून, गाढ, मधे एकदाही न उठता. इतक्या महिन्यांत ते असे झोपले नव्हते. पुढं चार दिवस मी आडून-आडून विचारलं आणि ते दर वेळी क्लचवरच आले. मग बोलायचेच थांबले.

मला तुझा हेवा वाटला, बारके. आजही वाटतो. इतकी वर्षं मी त्यांच्या गोळ्या, त्यांचे पाय, त्यांचा राग, सगळं केलं. आणि जे बोलायचं होतं ते अण्णा तुझ्याशी बोलले. मला त्यांनी कधी गाडीसुद्धा शिकवली नाही. तू घरातून गेलेली, आणि मी घरातलीच, म्हणून असेल. माझी वाट त्यांना कधी बघावी लागली नाही.

काल अध्यक्षबाईंनी सांगितलं, आता त्यांचं खातं बंद करायला हवं. गेलेल्या माणसाचं खातं चालू ठेवता येत नाही, हा नियमही मीच केलेला. बसले बंद करायला. सॉफ्टवेअर आधी त्या माणसाच्या सगळ्या फेऱ्या दाखवतं. चालक म्हणून केलेल्या, प्रशिक्षक म्हणून केलेल्या, पानंच्या पानं. आणि सेवार्थी म्हणून एकच.

त्या एका फेरीत परतीला फार वेळ लागलाय. दवाखान्यापासून आपलं घर किती लांब आहे ते तुला माहीत आहे. गाडी वाटेत कुठंतरी उभी होती, आणि बराच वेळ उभी होती. कुठं, ते नकाशावर दिसतं. तिथं बोट लावलं की रस्ता, वळण, कोपरा, सगळं उघडतं. चालकांना ते दिसत नाही, समन्वयकालाही नाही. फक्त मला दिसतं.

मी तिथं बोट नेलं आणि काढून घेतलं. खातं बंद केलं. खातं बंद झालं तरी नकाशा महिनाअखेरपर्यंत राहतो, मग आपोआप पुसला जातो. रोज ऑफिसात गेले की मला ठाऊक असतं, तो तिथं आहे. अजून उघडलेला नाही.

मैदानात नेलंस का त्यांना? की नुसतेच कुठंतरी बसून होतात? रडले का ते? तू त्यांना काही म्हणालीस का? माझं नाव निघालं का गं, एकदा तरी?

हे मला यंत्राकडून नको आहे. पुसलं जाऊ दे ते. तू ये आणि मला सांग. जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच सांग, मी जास्त विचारणार नाही.

तुझी,
ताई